भोपळ्यांचे हळदीकुंकू

देवाने बुद्धी वाटली ती मापाने. माया वाटायला बसला तेव्हा मापच हातातून निसटले. जिथे ते सांडले, तिथे कोपरीचा गोपीनाथ जन्मला असावा. वय चौतीस, मिशी भरघोस, मोजणी पाचापर्यंत आणि पुढे सगळे "लई". पण लग्न म्हणजे त्याचा प्राण. कुठे ताशा कडाडला की गोपीनाथ वऱ्हाडात. एकदा एका वरातीमागे चालत तो थेट मोहन्याला पोचला, नवऱ्याकडचा म्हणून पंगतीत जेवला, नवरीकडचा म्हणून पाठवणीला रडला, आणि तिसऱ्या दिवशी गळ्यात हार घालून घरी परतला. तेव्हापासून थोरला भाऊ विश्राम त्याला खोलीत बसवून बाहेरून कडी लावू लागला.

ती कडी काढली हौसाबाईने. मिठागरात राबून हात फाटलेली ही विधवा. तिची लेक शकू सव्वीस वर्षांची, पण मन सातव्या वर्षीच अंगणात खेळत राहिलेले. घरात शकू स्वतःचे मनगट चावायची. मातीत बसवली की गुणगुणायची. हौसाबाईने ओळखले, की वैद्याच्या पुडीत नाही ते औषध वाफ्यात आहे. तिने विश्रामकडे विहिरीकाठचा पडीक तुकडा एका हंगामापुरता मागितला, आणि त्याबरोबर गोपीनाथही मागितला. शेण, पालापाचोळा आणि सुकटीचा चुरा एवढेच तिचे खत. पोत्यातले पांढरे खत तिने बांधावर चढू दिले नाही. ही भोळी माणसे दिवसभर माती मळत, हसत, आणि संध्याकाळी थकून शहाण्यांपेक्षा गाढ झोपत.

"घटस्थापनेला येईन, वयनी," विश्राम म्हणाला होता. "वेलाला भोपळा दिसला तर मळा तुमचा. नाहीतर जागा वीटभट्टीला, आणि गोपी घरात."

"कडी लावून?"

विश्राम वहाणा चढवून चालू लागला.

भाद्रपदात वेल वाफाभर पसरले, सोन्याच्या वाट्यांसारखी फुले उमलली. पण पाऊस खळेना, मधमाशी फिरकेना. मादीफुलांच्या बुडाशी लागलेले सुपारीएवढे भोपळे पिवळे पडून गळू लागले. आता नरफुलातली पिवळी भुकटी हातानेच मादीफुलाला लावायला हवी होती. हौसाबाईच्या फाटक्या बोटांत फूल चुरगळे, शकूच्या प्रेमळ मुठीत तर त्याची चटणीच होई. बोटे हलकी होती ती एका गोपीनाथाची. मुंडावळ्या ओवून ओवून घडलेली.

हौसाबाईने त्याला समजेल असे सांगितले. "हा बघ नवरा, ही नवरी. दोघांची गाठ घालून दे."

गोपीनाथाने फूल हळूच खाली ठेवले. "मावशी, आता कसं? चातुर्मास हाय. देव झोपलेत."

"अरे, झाडांना कसला चातुर्मास?"

"मग नवरा-नवरी कशाला म्हणालीस?"

हौसाबाईने कपाळावर हात मारला. चार दिवस तिने विनवले, रागावली, गूळ दिला. गोपीनाथ गूळ खाई आणि मान हलवी. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नाही म्हणजे नाही. इकडे रोज नवरी सुकत होती.

पाचव्या सकाळी शकू फुलात नाक खुपसून बाहेर आली. नाक पिवळेधमक. "आये, ही तर हळद," ती म्हणाली. "गोपी, लगीन नको लावू. हळदीकुंकू कर. ते चालतंय."

गोपीनाथ विचारात पडला. शास्त्र बरोबर होते. "पण ते बायकांचं काम."

"मग पदर घे."

हौसाबाईचे जुने लुगडे त्याच्या डोक्यावर आले. पदराखालून मिशी बाहेर डोकावत होती. चिमटीत नरफूल धरून, लाजत, मुरडत, तो एकेका वेलीपुढे वाकला. "घ्या बाई हळद. आणि तुम्ही, ताई? या हो, लाजू नका." शकू टाळ्या पिटत मागे, आणि हौसाबाई बांधावर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. आठवडाभर रोज सकाळी हा सोहळा चालला.

आणि भोपळे धरले. आधी लिंबाएवढे, मग तांब्याएवढे, मग कळशीएवढे.

घटस्थापनेला विश्राम आला. हौसाबाईने अभिमानाने हात केला, आणि हात तसाच राहिला. वाफ्यात नुसती पाने. एकही भोपळा नाही.

"परवा तर होते, भाऊ," ती पुटपुटली.

"बरं, वयनी." विश्रामचा आवाज कोरडा होता. "चल गोपी, घरी."

तो वळला, पेंढ्याच्या ढिगाला अडखळला आणि सपशेल आडवा झाला. ढिगातून एक गोल, गुळगुळीत, हिरवा डेरा गडगडत त्याच्या पोटाशी येऊन थांबला.

गोपीनाथ धावला. त्याने बांधावरचे हळदीकुंकवाचे लुगडे ओढून भोपळ्यावर झटकन पदर टाकला आणि भावाच्या कानाशी लागला. "दादा, कोणाला सांगू नकोस. लग्नाआधीच झालं हे. सगळ्याजणींचं. मी झाकून ठेवलंय. पोरींची अब्रू हाय."

विश्रामने एक पेंढी उचलली, खाली भोपळा. दुसरी उचलली, खाली दोन. तो चिखलातच बसला, आणि वर्षानुवर्षे न हसलेला माणूस हसावा तसा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"मग आता रे कसं, गोपी?"

"तुळशीच्या लग्नाला एकदम उरकू. तू मामा हो."

तुळशीच्या लग्नाला ताशा मळ्यात वाजला. अंतरपाट धरला विश्रामने. अक्षता पडल्या शेंदरी झालेल्या भोपळ्यांवर. गोपीनाथाच्या खोलीची ती कडी त्याने आदल्याच दिवशी उपटून मळ्याच्या फाटकाला ठोकली होती, शेळ्या शिरू नयेत म्हणून. ती आतून लागते, आणि लावतो गोपीनाथ. ताशा ऐकू आला की मात्र विसरतो. मग शेळ्याही वऱ्हाडात.