पांढऱ्या खांबांचं घर

पांढरे, उंच खांब, त्यांच्यामागे सावलीत बुडालेला रुंद व्हरांडा, आणि दोन्ही बाजूंना शेवाळाच्या जटा सोडलेले ओक... अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कापसाच्या जमीनदाराच्या हवेलीचं ते जुनं, तपकिरी छायाचित्र इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या बैठकीत गॅसच्या शेकोटीच्या वर टांगलेलं असे. बाबांनी ते जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलं, ते खाली छापलेल्या ‘कॉटन’ या एका शब्दापायी. अकोल्याकडचा माणूस, कापूस म्हटलं की त्यांना माहेर भेटायचं. ओल्या कोटांचा, कढीच्या फोडणीचा आणि तापल्या धुळीचा वास दाटलेल्या हिवाळी संध्याकाळी मी सोफ्यावर उभी राहून हवेलीतल्या खोल्या वाटत बसे — कोपऱ्यातली खिडकी माझी, तिच्या शेजारची आईबाबांची.

आईची ड्यूटी उशिराची असली की बाबा हॉस्पिटलच्या ज्या वॉर्डात काम करत तिथल्या सिस्टर, बार्बाडोसच्या बेरिल आंटी, मला शाळेतून आणत. आमची कढी चाटूनपुसून खात, माझ्या वेण्या आईपेक्षा घट्ट घालत. पण बसत नेहमी चित्राकडे पाठ करून. पाठीला ऊब हवी असेल, असं आम्हाला वाटे. एकदा मी त्यांनाही खोली देऊ केली. आंटी, तुमची कुठली?

“माझी इथून दिसत नाही, डार्लिंग,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आमच्या लोकांच्या खोल्या मागे असायच्या.”

मी उदारपणे माझी खिडकी देऊन टाकली. बाबा कौतुकाने हसले. वर, आमच्याकडेही कापूसच बरं का, सिस्टर, असंही म्हणाले. ती हवेली बेरिल आंटींच्या पूर्वजांसारख्या गुलामांच्या घामावर उभी होती, हे त्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला उमगलं तोवर बेरिल आंटी हे जग सोडून गेल्या होत्या.

आता मी बाबांजवळ परत राहायला आले आहे. त्यांची स्मृती विरत चालली आहे... आईचं नावसुद्धा निसटतं, पण चित्रातली हवेली मात्र ते अकोल्याचं आपलं घर म्हणून ओळखतात. परवा बेरिल आंटींची लेक बाबांना भेटायला येणार होती, म्हणून मी घाईघाईने ते चित्र उतरवून जिन्याखालच्या कपाटात ठेवलं. तिच्या दृष्टीस पडू नये, एवढीच माझी धडपड. ती आली, बाबांचा हात हातात घेऊन बसली, आपल्या आईच्या आठवणी सांगून गेली. दार लागलं तसे बाबा रिकाम्या भिंतीपाशी उभे राहिले.

“बाळ, आपलं घर कुणी नेलं गं?”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी चित्र पुन्हा टांगलं. त्या खांबांकडे पाहत बाबा लहान मुलासारखे निवांत हसले, आणि मला त्यांचं ते सुख बघवेना.