सासूबाईंच्या परतीचे कागद

गोव्यावरून पोर्तुगालशी आपले संबंध तुटले, तेव्हा आमच्या सासूबाई मडगावहून नातीला बघायला इंदूरला आलेल्या होत्या. कागदोपत्री त्या पोर्तुगालच्या. त्यांच्या परतीच्या कागदांचं काम आता दिल्लीत ब्राझीलची वकिलात बघते, असं कळलं. जुन्या इंदुरात अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ होते, पूर्वी दरबारात कारकून. ब्राझीलचं नाव ते शेजारच्या गल्लीतलं असल्यासारखं घ्यायचे.

"ब्राझीलवाले भले लोक आहेत, भिया. फक्त अक्षर साफ पाहिजे."

पहिल्या अर्जात त्यांना शाई फिकी वाटली. दुसऱ्याच्या फोटोत सासूबाई हसत होत्या. "वकिलातीत हसून चालत नाही, भिया." तिसरा अर्ज 'मेहेरबान हुजूर'पासून चांगला दोन पानं लिहिला आणि टपालात टाकतो म्हणाले. आठ महिने गेले. सासूबाई माझ्या जेवणावर, झोपेवर आणि मित्रांवर देखरेख ठेवून होत्या.

शेवटी मी चिडून त्या गृहस्थांकडे गेलो, तर तिन्ही अर्ज त्यांच्या पेटीत!

"पाठवले का नाहीत?"

"अर्जदार नको म्हणाल्या," चष्मा पुसत ते शांतपणे बोलले. "दर वेळी तुमच्या मागून येऊन सांगून गेल्या. एकदा तिकडे गेल्या, तर नात पुन्हा दिसायची नाही म्हणे. गलत काय बोलल्या?"

मी पेटी त्यांच्याकडे ढकलली. म्हटलं, "मग माझं काय? मी तक्रार करीन."

"जरूर करा, भिया." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "मीच लिहून देतो. कोणत्या देशाकडे करायची?"