तिसऱ्या मजल्याचा जिना

तो जिना माझ्याच हातचा. म्हणजे आमच्या इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलीनं आखलेला, मी ऑफिसातली ट्रेसर म्हणून शाईनं गिरवलेला. गोरगरिबांच्या सरकारी वसाहतीचा, तीन मजली नकाशा. गिरवताना मी म्हटलंही, "साहेब, वळणावर लईच अरुंद वाटतोय." साहेब म्हणाले, "तू रेघा मार. डोकं चालवायला मी हाय." मी गप्प बसले. त्याची अजून लाज वाटते.

पुढं सोडतीत आमच्या आबांना त्याच वसाहतीत घर लागलं, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत आबा गेले आणि वळणावर तिरडी अडकली. आडवी वळेना, उभी करावी तर आबा घसरायला लागले. शेवटी माझ्या बापाला खुर्चीला बांधून खाली आणला. पायरीगणिक मान इकडून तिकडं कलंडत होती. खाली साहेब हार घेऊन उभे. मी जिन्याचं बोललेच, तर म्हणाले, "घरं जगायला दिलीत बाई, मरायला न्हाईत."

तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाला ह्याच जिन्यात गाठायचं.

काही वर्षांनी सरकारी नोकरांसाठी, परवडणारी घरं कशी बांधायची ह्याचा सर्टिफिकेट कोर्स निघाला, शनिवार-रविवारचा. अर्जावर सही साहेबांचीच लागायची. "शिकून काय दिवे लावणार?" म्हणत हसतच केली. वर्गात सगळे इंजिनिअर, ट्रेसर मी एकटी. डोक्यात राग होता, त्यामुळं सगळं पाठ झालं. तेवढ्यात माझ्या टेबलावर दोन नव्या इमारतींचे नकाशे गिरवायला आले. जिना तोच!

कोर्सच्या शेवटी एक वसाहत, ती बांधणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तपासून दाखवायची होती. मी आमचीच निवडली. सकाळी तिरडीचं सामान आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "कोण गेलं वो?" म्हटलं, "अजून कोण न्हाई."

तिरडीवर वाळूचं पोतं बांधलं आणि वर नेलं. मग कोर्सच्या सरांसमोर, अख्ख्या वर्गासमोर साहेबांना म्हटलं, "खाली उतरवायची हाय. पुढनं धरा की." नाही कसं म्हणतील? वळणावर तिरडी अडकली आणि साहेबांची बोटं बांबू अन् भिंतीच्या मधे सापडली. "सोड! अगं सोड की!" खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. मी मागून आणखी रेटलं.

"चुकलं माझं! नव्या इमारतींचा जिना बदलतो, दोन्हींचा बदलतो!"

वर कठड्याला धरून आई उभी होती. ती म्हणाली, "सोड गं त्यास्नी. मला खाली न्यायचं अजून हाय. तवाबी पुढनं त्यास्नीच धराय लाव."

मी सोडलं.