तारखेची मोकळी जागा

हे मी लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेपुरतं. ज्याच्यावर हे गुदरलं त्याने लिहिलं असतं तर ते योग्य झालं असतं. मी लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना जालन्याच्या एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या एका कारखान्याच्या एचआर विभागात मला काम मिळालं. सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी. ‘मनुष्यबळ विभाग हा कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला दुवा असतो,’ असं मी पेपरात लिहिलं होतं. त्याला गुणही चांगले पडले होते.

नव्या माणसांचे कागद मी तयार करायचो. फोटो, आधार, पासबुक, विम्याच्या कार्डाचा अर्ज आणि सगळ्यांत खाली एक राजीनामा. ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे.’ माणूस कामाला लागायचा त्याच दिवशी त्यावर सही करायचा. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवायची. टाइप केलेला आमच्या विभागाच्या साहेबांना चालत नसे, हाताने लिहिलेला खरा वाटतो म्हणायचे. आणि सगळे राजीनामे एकाच निळ्या पेनाने लिहायचे, असा नियम होता.

“सर, हा आधीच कशाला?” मी एकदा विचारलं.

“लग्नातच घटस्फोटाची सही घेऊन ठेवतो आपण,” साहेब म्हणाले. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

राजूरजवळच्या आमच्या गावातला, भावकीतला एकजण माझ्याच ओळखीने तिथे लागला. माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. सह्या करताना म्हणाला, “काय लिव्हलंय रं ह्याच्यात, छोटे साहेब?”

“काही न्हाई दादा, नेहमीचंच.”

“मंग वाचायचं कशाला? तू हायेस ना.”

चार महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, लाल तापलेली सळई यंत्राच्या रोलमधून निसटली आणि त्याच्या पोटरीला वेढा घालून गेली. मी पोचलो तेव्हा त्याला गाडीत घालत होते. बुटाचं रबर कुठलं आणि पाय कुठला, ओळखू येत नव्हतं.

साहेबांनी मला आत बोलावलं. “त्याची फाइल काढ. मंगळवारची तारीख टाक.”

“सर, तो आज कामावर होता.”

“आज तो ओळखपत्र परत द्यायला आला होता. आत कशाला गेला, त्यालाच माहीत.” मग जरा थांबून म्हणाले, “तुला पुढच्या महिन्यात कायम करायचं आहे ना?”

त्यांनी ड्रॉवरमधून तोच निळा पेन काढून दिला. तो नियम कशासाठी होता, ते तेव्हा कळलं. मी तारीख टाकली.

डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या दवाखान्यात लवकर हलवलं तर पाय वाचेल. विम्यावर हलवायचं तर कारखान्याचं अपघाताचं पत्र हवं होतं. ते न्यायला शुक्रवारी त्याचे वडील आले. साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

“बाबा, तुमच्या मुलाने मंगळवारीच नोकरी सोडली. घरी बोलला नाही?”

“काय सांगता! काल सकाळी डबा घिऊन गेल्ता की.”

“हेच तर. पोरं घरी खरं सांगत नाहीत. आम्हालाही वाईट वाटतं.”

म्हाताऱ्याने राजीनामा हातात घेऊन उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला.

“बराबर हाय का रं बाळा? तू शिकलेला हायेस. तू म्हन, मी जातो.”

साहेब चहात बिस्किट बुडवत होते.

“हो काका,” मी म्हणालो.

त्याने साहेबांना हात जोडले. “मंग तुमची काय चूक न्हाई.” चहा तसाच ठेवून तो गेला.

“छान हाताळलंस,” साहेब म्हणाले. “तू या लायनीत पुढे जाशील.” पुढच्या महिन्यात मला कायम केलं.

गावी जायचं मी टाळत राहिलो. आईला फोनवर विचारायचो, ती ‘दवाखान्यातच हाय’ एवढंच सांगायची. मग एका दुपारी तिचाच फोन आला.

“पाय काढला रे त्याचा. गुडघ्यापासून.”

मी फोन घेऊन ऑफिसबाहेर आलो. ती बोलतच होती.

“बाप बोलत न्हाई त्याच्याशी. नोकरी सोडून घरी खोटं बोलला म्हनून.”

“दादा काय म्हणतो?”

“पहिल्यांदा लई भांडला. म्या सोडलीच न्हाई, म्हने. मंग बापानं तुझं नाव सांगितलं, तू बी साहेबापुढं तसंच म्हनलास म्हनून. तवापासून गप हाय. परवा म्हनला, सोडली असंल, मला याद न्हाई.”