जवारी आणि डिग्री

मिरजेत तंबोरे बनवणं सोडून रेडिओच्या दुरुस्तीत पडलेले आमचे एक स्नेही. खंडाळ्यात कुणी शिंकलं तर ह्यांना मिरजेत ऐकू येई! जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा गुंजणारा झंकार; पण हे बिघडलेल्या कुठल्याही यंत्राची, तंबोऱ्यासारखी, 'जवारी गेली' म्हणत.

सांगलीच्या प्रदर्शनात टीव्हीच्या पडद्यावर बटणांनी खेळायचा टेनिसचा खेळ बंद पडला. डिग्रीवाला इंजिनिअर तीन दिवस पुस्तक उलटत होता. ह्यांनी यंत्राला कान लावला, "जवारी गेली हाय," म्हणाले आणि सुटलेली तार जोडली. पडद्यावर चेंडू पळू लागला.

खेळाच्या कंपनीचे मालक खूश. "असे खेळ बनवायला पुण्याला येता?"

ह्यांचा चेहरा उजळला. "आत्ता निघतो की!"

"डिग्री कुठली?"

"डिग्री न्हाई."

"मग अवघड आहे."

ह्यांनी जोडलेली तार शांतपणे पुन्हा सोडवली. "आवं, मग चेंडूबी डिग्रीलाच ढकलू द्या!"