अक्काचा एकच शब्द

माझ्या थोरल्या जावेइतकं थोडक्यात बोलणारं माणूस मध्यंतरी अख्ख्या नायगाव तालुक्यात दुसरं नव्हतं, आणि इतक्या थोड्या बोलण्याने इतका गोंधळ उडवणारं तर साऱ्या मराठवाड्यात नव्हतं. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्का मुळात अशी नव्हती. उदगीरची लेक, बी.ए. झालेली, बोलायला बसली की तुरीच्या दोन ओळी खुरपून व्हायच्या तरी तिची गोष्ट अर्ध्यावरच असायची. पण सरकारी कारकुनाच्या परीक्षेत ती लागोपाठ दोनदा इंग्रजीत थोडक्यासाठी राहिली, आणि तिसरा प्रयत्न वयाच्या अटीत बसणारा शेवटचा होता. मग तिने नांदेडहून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात डावीकडे लांबलचक इंग्रजी वाक्य असायचं आणि उजवीकडे त्या सगळ्या वाक्याच्या जागी बसणारा एकच शब्द. परीक्षेत म्हणे यावर हमखास प्रश्न येतात. त्या दिवसापासून घरातलं कुणीच सुरक्षित राहिलं नाही.

तिचं म्हणणं असं, की शब्द पाठ करायचा नाही, तो माणसाला चिकटवायचा. म्हणजे माणूस दिसला की शब्द आठवतो. मग म्हशीपासूनच सुरुवात झाली. किती केलं तरी सुधारत नाही असं जे काही, ते ‘इनकॉरिजिबल’. म्हैस धार काढताना लाथ मारायची आणि अक्का गोठ्यातूनच स्पेलिंगसकट ओरडायची. शेजारच्या काकू काहीही पुढे ठेवा, खाऊन मोकळ्या व्हायच्या, त्या ‘ऑम्निव्हरस’ झाल्या. त्यांना तो मान वाटला आणि त्या जास्तच येऊ लागल्या. आमचे सासरे आभाळाकडे बघून रोज म्हणायचे, यंदा काही खरं न्हाई. त्यांना अक्काने ‘पेसिमिस्ट’ ठरवलं. दोन दिवसांनी पारावर चार म्हातारे त्यांच्याभोवती गोळा होऊन हळहळत होते. मामंजी बारीक आवाजात सांगत होते, “थोरली म्हणून राहिली, मला पेसिमिस्ट हाय. आता ह्यातून बरं होणं काही खरं न्हाई.”

पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद, चुलीमागच्या भिंतीला कागद, मिठाच्या बरणीवर कागद. मी बारावी शिकलेली, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. ती भाकरी थापायची आणि मी परातीपाशी बसून डावीकडची वाक्यं वाचायची. माझा उच्चार चुकला की ती आधी माझा उच्चार दुरुस्त करायची आणि मग उत्तर द्यायची. तेवढ्यात भाकरी करपायची. करपलेल्या भाकऱ्या दादा, म्हणजे तिचे मालक, काही न बोलता खायचे. दादांना तिने कोणता शब्द लावला होता हे मी एकदा विचारलं. “टॅसिटर्न,” ती म्हणाली. “म्हणजे?” “लई कमी बोलणारा. पण ह्या शब्दाला चार मार्क देऊ न्हाई कुणी, फुकटचा हाय. समोरच बसतो रोज.”

सगळ्यात मोठा घोळ धाकट्या दिराच्या सोयरिकीच्या वेळी झाला. मुलीकडच्यांनी मुलाच्या सवयींची चौकशी केली, तेव्हा अक्का पुढे होऊन मोठ्या अभिमानाने म्हणाली, “आमचे भावजी टीटोटलर हायत.” दारूच्या थेंबाला न शिवणारा, असा त्याचा अर्थ. मुलीच्या वडलांनी मान डोलावली आणि आत सांगितलं, पाव्हणा नुसता टीवरच असतो. भावजींपुढे अर्ध्या तासात पाच कप चहा आला. नको म्हणावं तर सोयरीक मोडायची भीती. ते पाचही कप प्याले. लग्न ठरलं, पण अजूनही सासुरवाडीला गेले की त्यांच्यापुढे नुसता चहाच येतो, पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

आम्ही हसायचो, पण एकदा कापूस वेचताना ती मला म्हणाली, “अमक्याची सून, तमक्याची माय, हे सगळं बरंच हाय गं. पण कुठल्यातरी टेबलावर माझ्या नावाची पाटी दिसली पाहिजे. एकदा.” आणि पुढचं बोंड वेचायला लागली. त्या दिवसापासून मी उच्चार नीट करू लागले.

परीक्षा लातूरला होती. आदल्या दिवशी अक्का, दादा आणि मी उदगीरला तिच्या माहेरी उतरलो आणि सकाळी केंद्रावर पोचलो. गेटवरच्या माणसाने तिचं हॉल तिकीट पाहिलं, मग आधार कार्ड पाहिलं, आणि म्हणाला, “ताई, नाव जुळत नाही. बाजूला व्हा.” तिकिटावर या वेळी सासरचं आडनाव होतं, कार्डावर अजून माहेरचंच. गेट बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. मला वाटलं, आता अक्का त्याला चांगलं सुनावील. पण ती नुसती उभी राहिली. सात-आठ महिने शब्द गोळा करणाऱ्या बाईला एक शब्द सुचेना. मीच काहीतरी बडबडू लागले आणि तो माणूस मागच्या मुलीचं तिकीट बघू लागला.

तेवढ्यात समोरच्या लिंबाखालून दादा आले. त्यांच्या हातात खताची धुतलेली पिशवी होती. मला वाटलं होतं, तिच्यात भाकरी असेल. त्यांनी ती गेटपाशीच जमिनीवर उघडली. रेशन कार्ड निघालं, सातबारा निघाला, म्हशीला लस टोचल्याचा कागद निघाला, लेकीचा जन्मदाखला निघाला आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला विवाह नोंदणीचा दाखला निघाला. त्यावर दोन्ही नावं होती. गेटवरच्या माणसाने तो दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवून आला आणि म्हणाला, “जा ताई, पळा.” अक्का पळाली. साडीत एक चप्पल अडकली, ती हातात घेऊन पळाली.

“दादा, तुम्हाला कसं ठाऊक, ह्योच कागद लागंल?” मी विचारलं.

“ठाऊक नव्हतं,” दादा म्हणाले. “म्हणून सगळेच आणले.”

निकाल लागला तेव्हा आम्ही दोघी गोठ्यात होतो. तिच्या लेकीने मोबाइल नाचवत आणला. यादीत अक्काचं नाव होतं. अक्का शेणाच्या हाताने तशीच खाली बसली आणि रडायला लागली. सासूबाईंनी त्याच दिवशी घरातले सगळे कागद ओल्या फडक्याने पुसून काढले. मामंजी पारावर जाऊन सांगून आले, की आता आपल्याला बरंच बरं वाटतंय. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री मी कुणालाच काही न विचारता भाकरी थापली, आणि एकही करपली नाही.

आता अक्का लातूरला असते. लेकीचं कॉलेजही तिथंच, म्हणून दोघींनी खोली घेतलीय. टेबलावर नावाची पाटी आहे, मी स्वतः पाहून आले. शनिवारी ती येते आणि पुन्हा पूर्वीसारखी बोलते. ऑफिसातल्या एका पंख्याची गोष्ट गेले तीन आठवडे चाललीय. रविवारी दुपारी दादा आणि मी तिला नायगावच्या स्टँडवर सोडायला जातो. परवाही गेलो. ती खिडकीतून काहीतरी सांगतच होती, बस सुटली तरी सांगत होती, आम्हाला काही ऐकू आलं नाही. दादा बस वळेपर्यंत उभे राहिले. मग गाडीला किक मारता मारता मला म्हणाले, “आज लवकर अंधार पडून राहिला.”

रस्त्यावर अजून लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, “हाव दादा.”