ताईच्या आजाराचे नातलग

माझी ताई जन्मापासून बहिरी होती. एका डोळ्यात पांढरा पडदा, हृदयही कमजोर. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने ओरडायची. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी ती गेली.

ती पोटात असताना आईला बारीक ताप आला होता. अंगावर लालसर पुरळ उठलं आणि लवकरच मावळलं. त्याआधी शेजारच्या काकूंच्या मुलाला तेच झालं होतं, आणि आईने त्याला कडेवर घेऊन खेळवलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पुढे आजाराचं नाव सांगितलं, रुबेला. तेव्हापासून आई काकूंशी बोलली नाही. दोन्ही घरांत एकच भिंत. पलीकडे हातमाग चालू असला की आमच्याकडे ऐकू यायचा.

मागच्या हिवाळ्यात मी मोबाइलवर बातमी वाचत होते. रुबेलाच्या विषाणूचे नातलग प्राण्यांत सापडले होते, आफ्रिकेतल्या वटवाघळांत, युरोपातल्या रानउंदरांत. माणसात हा रोग फार पूर्वी एखाद्या जनावरातूनच आला असावा, असा अंदाज होता.

आई मागासाठी कोसा रेशमाच्या कांड्या भरत होती. "पुन्हा वाच," म्हणाली.

मी वाचलं.

"वटवाघळं मरतात का याच्यानं?"

"नाही. चांगली उडतात म्हणे."

तिने हातातली कांडी भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या पोराले कोणापासून झाला असंल?"

"दुसऱ्या कोणा माणसापासून."

"आन त्याले?"

"आणखी कोणापासून तरी."

"मंग मी कोणाकोणाशी बोलणं सोडू व?"

तिने हात धुतले आणि शेजारी गेली. मी मागोमाग. काकू खाटेवर बसल्या होत्या. आता त्यांना दिसत नाही. आई उंबऱ्यातच थांबली.

"कोण हाय?" काकूंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तू हायेस."

"हो."

"तुही पोरगी ओरडे, तवा मी माह्या पोराचे कान झाकत होती. अजून आयकू येते मले."

"मलेई," आई म्हणाली आणि खाली बसली.

आता ती रोज दुपारी तिकडे जाते. दोघी धानाचं, साड्यांचं बोलतात. काकूंचा तोच मुलगा नागपूरहून आला की मात्र आई मागच्या दाराने घरी येते आणि तो परत जाईपर्यंत तिकडे फिरकत नाही.